भुरीच्या मार्फत

पळसखेड तांडा, ता. घाटंजी
२४ नोव्हेंबर २०२४

ती. बापूंना,
उज्ज्वलाचा राम राम.

हे पत्र तुमच्या सुनेचंच आहे. पाकिटावरचं नाव तुम्ही दोनदा वाचाल, म्हणून आधीच सांगून टाकते. लग्न होऊन या घरात आले त्याला सोळा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही. आपल्या तांड्याची रीतच तशी. सासरा समोर आला की घुंगट ओढायचा आणि तोंड मिटायचं. बोलल्यावाचून भागतच नसेल तर भिंतीला सांगायचं, जात्याला सांगायचं, आणि भुरी गोठ्यात आल्यापासून भुरीला. मी म्हणायची, "भुरे, जेवन वाढलं म्हनाव." मग तुम्ही बाजेवरून म्हणायचात, "भुरे, हात धुवाले पानी ठेवाले सांग." बिचारी बकरी. रवंथ करता करता आपल्या दोघांची टपालवाली होऊन बसली.

पण सुनेनं सासऱ्याला पत्र लिहू नये, असं कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. याडीला विचारलं, म्हणजे तुमच्या घरधनिणीला. ती म्हणाली, "कागदावर कुठी घुंगट घ्या लागते? लिहून टाक." म्हणून लिहिते आहे. घरात आपण आपली बंजारा बोली, गोरमाटी बोलतो, पण ती लिहायला माझा हात वळत नाही. शाळेत जी मराठी शिकले तीच येते, आणि कोणी बोललेलं उतरवायला बाजारातली वऱ्हाडी. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले आहात, सावकाश वाचा. चंदाबाईंना वाचायला देऊ नका. तुमची लेक आहे, माझी नणंद आहे, चांगली आहे, पण अर्धं वाचते आणि उरलेलं मनानं सांगते.

दिवाळीच्या तोंडावर, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही धोतर आणि पटका पिशवीत घातलात आणि पहिल्या एसटीनं चंदाबाईंकडे राळेगावला निघून गेलात. भांडण नाही, आवाज नाही. तुमचे चिरंजीव म्हणाले, लेकीची आठवण आली असंल, दिवाळीला परत येतील. दिवाळी झाली. त्यांनी फोन केला की तुम्ही घेत नाही. चंदाबाई म्हणतात, बापू बोलत नाहीत, नुसते अंगणात बसून राहतात.

मग मीच विचार केला आणि माझ्या डोक्यात पैसेच आले.

बाजाराच्या दिवशी तुम्ही सकाळपासून बाजेवर बसायचात आणि कमरेचा बटवा सोडून मांडीवर घ्यायचात. मी भुरीला सांगायची, तेल संपलं म्हनाव, साबन संपली म्हनाव, पोरीले वही पाह्यजे म्हनाव. तुम्ही बटव्यात दोन बोटं घालून आढ्याकडे पाहत राहायचात. बराच वेळ पाहायचात. मग मागितलं त्याच्या निम्मं भुरीच्या पुढ्यात ठेवायचात. तुम्ही चिकट नव्हतात, ते मला ठाऊक आहे. बटव्यातच तेवढे असायचे. कापसाला भाव नाही, तर बटव्यात कुठून येणार? पण बापू, ते तुमचं आढ्याकडे पाहणं आणि माझं खाली मान घालून उभं राहणं, याचा मला फार कंटाळा आला होता. आज लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते.

लाडक्या बहिणीचे पैसे माझ्या आणि याडीच्या खात्यात यायला लागले आणि मी भुरीला तेल-साबण सांगणं सोडून दिलं. आम्ही दोघी पिशव्या घेऊन तुमच्या समोरून एसटीला निघायचो. तुम्ही मात्र बाजाराच्या दिवशी बटवा घेऊन बसतच होतात. ते मला दिसत होतं. तरी मी थांबले नाही, आणि पुन्हा तशी उभीही राहणार नाही. याचाच राग आला असेल तर तुम्ही राग धरा. मी पैसे नको म्हणणार नाही.

राग धरा, पण घरी येऊन धरा. तुमच्याविना अंगण ओकंबोकं वाटतं.

याडीनं आपल्या पैशातून चष्मा केला. तो डोळ्यावर चढवून ती भिंतीवरच्या तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं माय, एवढे म्हातारे झाले काय हे?" मी इतकी हसले की घुंगट डोक्यावरून पडला. या वयात तिनं आरशांच्या कशिद्याची पेटी पुन्हा उघडली आहे. सुईत दोरा ओवता येत नव्हता म्हणून तिनं तो सोडला होता. आम्हाला वाटायचं, हौस संपली.

तुमची सून
उज्ज्वला


पळसखेड तांडा
८ डिसेंबर २०२४

ती. बापूंना राम राम.

उत्तर आलं नाही. हरकत नाही. सोळा वर्षांची गप्प राहायची सवय तुम्हालाही आहेच.

तुमच्या खोलीची हकीकत ऐका. तिच्यात आता कापूस आहे. जमिनीपासून खिडकीपर्यंत पांढरा डोंगर. पोरगी त्यात उड्या मारते आणि मग रात्रभर अंग खाजवते. दरवर्षी पहिला वेचा घरात आला की चार दिवसांत व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा राहायचा. भाव तो सांगेल तो. दिवाळी तोंडावर, पोरीला कपडा नाही, घरात गोडेतेल नाही, मग कोण थांबणार? तुम्हीच टेम्पोच्या मागे उभे राहून कापूस दाबून भरायचात आणि संध्याकाळी कोणाशी बोलायचा नाहीत.

यंदा टेम्पो आला आणि याडी दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "नाही इकाचा." व्यापारी हसला. "काहून वं बुढे? चुला कशावर पेटवशीन?" याडीनं नवीन चष्मा नाकावर सारला आणि म्हणाली, "चुला पेटला हाये. तू जाय." बापू, तुम्ही पाहायला हवं होतं. तेल-मीठ आमच्या पैशात चाललंय. पोरीचा कपडाही त्यातच झाला. आम्ही श्रीमंत झालो नाही, कोणी तसं म्हणेल तर त्याला घरी घेऊन या. पण पडत्या भावात कापूस टाकून द्यायची घाई आता उरली नाही. चिरंजीव म्हणतात, सरकारी खरेदी सुरू आहे, तिथं दोन पैसे बरे मिळतील. गावात आता लवकर कोणी हसताना दिसत नाही, कापसानं सगळ्यांचंच तोंड उतरलंय. आपल्या घरात मात्र या वर्षी रात्री जेवताना बोलणं होतं.

डोंगराच्या मधोमध मी तुमच्या बाजेएवढी जागा मोकळी ठेवली आहे. कापूस सारखा तिकडे घसरतो, मी सारखी मागे ढकलते.

एक अडचण आहे. सातबारा तुमच्या नावावर, म्हणून सरकारी खरेदीला नोंद करायची तर तुम्हीच पाहिजे, मशीनवर अंगठा तुमचाच लागतो. चिरंजीव म्हणाले, "लिही, बापूंले म्हनाव अंगठ्यापुरतं या." मी लिहिते आहे. या.

उज्ज्वला


पळसखेड तांडा
१९ डिसेंबर २०२४

ती. बापू,

काल चंदाबाईंचा फोन आला. मला म्हणाल्या, "वहिनी, बापू म्हनतात, अंगठा पाह्यजे असंल तं येऊन कापून घेऊन जा म्हनाव." चिरंजिवांचं ते अंगठ्यापुरतं वाक्य मी आहे तसं उतरवायला नको होतं. अक्कल चुलीत घातली होती त्या दिवशी. अंगठा राहू द्या बाजूला. कापूस उंदरांनी खाल्ला तरी चालेल.

पण पुढे त्यांनी भलतंच विचारलं. म्हणाल्या, "वहिनी, तुमी बापूंले भाकड म्हनलं काय? बसून खाय म्हनलं?"

मी म्हटलं, "मी? बापूंना? मी तर बापूंशी बोलतच नाही!"

त्या म्हणाल्या, "भुरीले म्हनलं ना?"

बापू, मग मला सगळं आठवलं. आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम आलं. याडी घाबरून पाणी घेऊन धावली.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. तुम्ही पाठमोरे होतात, तुम्हाला नुसतं ऐकू आलं. भुरी आटली होती. दोन पावसाळे तिला पिल्लू नाही, दूध नाही. तुमचे चिरंजीव सकाळीच म्हणाले होते, बाजारात नेऊन देऊन टाकतो, फुकट कायले पोसाची. मला ती द्यायची नव्हती. म्हणून त्या दिवशी बाजारात गेल्या गेल्या मी आधी सरकीची ढेप घेतली. घरी आले, ढेप फोडून भुरीपुढे ठेवली, तिच्या मानेत हात घातला आणि म्हटलं, "भाकड झाली तं काय झालं? आता बसून खाय. कोनी काही म्हनत नाही. माह्या पैशाची ढेप हाये. आता आपल्याले कोनाच्या हाताकडं पाहा लागत नाही."

हे मी भुरीला म्हटलं, बापू. बकरीला. शेपटीवाल्या, चार पायांच्या, ढेप खाणाऱ्या बकरीला.

तुमची बाज तिथंच होती. गुडघ्यानं दगा दिला आणि यंदा पहिल्यांदाच तुम्ही पेरणीला वावरात गेला नाहीत, दिवसभर बाजेवर असायचात. भुरी गोठ्यात आली तेव्हापासून मी तिच्याच तोंडानं तुमच्याशी बोलत आले. मग त्याच तोंडानं "भाकड झाली, बसून खाय" ऐकलंत, तर तुम्ही दुसरं काय समजणार? मी तुमच्या जागी असते तर एसटीची वाटसुद्धा पाहिली नसती, पायी गेले असते.

आणि तुम्ही विचारायलाही कोणाला जाणार? मला विचारता येत नाही. भुरीला विचारायचं, तर ती ढेप खात होती.

शेवटचं एक वाक्य मात्र माझं होतं, ते लपवत नाही. कोणाच्या हाताकडे पाहावं लागत नाही, हे मी भुरीच्या नावानं स्वतःलाच सांगत होते. मला सुटल्यासारखं वाटत होतं. पण त्यात तुम्हाला दुखवावं असं मनात नव्हतं. तुमच्या बटव्यात काय असायचं आणि काय नसायचं, ते तुमच्या बोटांवरून मला कळायचं. बोटं आत जास्त वेळ राहिली की मी समजायची, या बाजाराला वही नाही.

सरकारच्या तिजोरीतून निघालेले पैसे कुठले कुठले मुलूख ओलांडून सरळ माझ्या खात्यात येतात. मधे साहेब नाही, सरपंच नाही, कोणी नाही. आणि एकाच अंगणात, चार हातांवर बसलेल्या माझ्या सासऱ्यापर्यंत माझं बोलणं बकरीमार्फत जातं. भलत्याच पत्त्यावर पोचलं तर नवल काय?

तुम्ही भाकड नाही. तुम्ही घरात असलात की चिरंजीव वेळेवर घरी येतात. पोरगी पाढे म्हणते. याडी भांडते, आणि भांडली की तिला भूक लागते. तुम्ही गेल्यापासून ती अर्धी भाकरी टाकून उठते. मला तुमची आठवण येते, हे मी कोणत्याच भिंतीला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते आहे.

उज्ज्वला


पळसखेड तांडा
२९ डिसेंबर २०२४

बापू,

कापूस अजून घरात आहे. तुमच्या बाजेच्या मोकळ्या जागेत आता भुरी जाऊन बसते. हाकलली तर बाहेर येते आणि माझी पाठ वळली की पुन्हा आत. चिरंजीव तिला विकायचं नाव काढत नाहीत. चंदाबाईंच्या फोननंतर तेही तिच्याशी जरा जपूनच बोलतात.

याडीचा कशिदा पुरा होत आला. कोणासाठी आहे, ते ती सांगत नाही. तुमच्या बटव्याच्या मापाचा आहे.

उज्ज्वला


राळेगाव
३ जानेवारी २०२५

भुरी बकरी हीस,
हरिसिंगचा आशीर्वाद.

तुले वाचता येत नाही हे मले मालूम हाये. म्हनून तुह्या मालकिनीले मोठ्यानं वाचाले लाव. मले तिच्यासंग बोलता येत नाही. रीत हाये. तुह्यासंग येते.

तिले सांग का सारे कागद भेटले. एकेक कागद वाचाले मले दोन-दोन दिवस लागले. चंदाले हात लावू देल्ला नाही. ते लय मागं लागली होती.

तिले सांग का मी तुह्या नावानं उगीच रागावलो. पर मले कसं समजन, तूच सांग. इतकी वर्सं तुले म्हने ते माह्यासाठी राहे. मंग एक दिवस तुले म्हनलं ते तुह्याचसाठी निंगालं. गुडघा दुखून राह्यला होता, वावर दुरून पाहून राह्यलो होतो, तेवढ्यात कानावर आलं, भाकड झाली, बसून खाय. राती माह्या बुढीले, बादलच्या मायलेबी सांगितलं नाही. लाज वाटली.

पैशाचा राग नोहता. खोटं कायले बोलू, जरासा होता. बटवा मांडीवर घेऊन बसलो का वाटे, कोनी तरी काही मांगन. कोनी मांगे नाही. पर हे बी सांग तिले, जे मी कोनालेच बोललो नाही. बाजाराच्या आदल्या राती मले झोप नाही लागे. जवान होतो तवापासून. उद्या सकाळी ते घुंगट घेऊन उभी राहीन, पोरीची वही मांगन, आन बटव्यात काय हाये ते मलेच मालूम. आढ्याकडं कायले पाहो मी? तिच्याकडं पाहाची हिंमत नोहती म्हनून. त्या दोघीचे पैसे आले आन मी बाजाराच्या आदल्या राती घोरत झोपलो. बादलच्या मायनं दोनदा हालवलं. छातीवरचा गोटा उतरला माह्या. पर गोटा उतरला हे घरच्या मोठ्या मानसानं सांगाचं कोनाले? म्हनून बटवा घेऊन बसतच राह्यलो.

व्यापाऱ्याले बुढीनं हाकललं ते तीनदा वाचलं. चंदालेबी तेवढंच वाचून दाखवलं. लय हासलो.

आता काम ऐक. बाजाराच्या दिवशी दुपारच्या गाडीनं येतो. घाटंजीले उतरून तुह्यासाठी ढेप घेतो. माह्याबी खात्यात सरकारच्या किसान योजनेचे पैसे येते, ते तुह्या मालकिनीले इसरू नको देऊ. तू तिची ढेप खाल्ली, आता माही खाय. दोघाची खाय. पर माह्या बाजीच्या जागेवरून ऊठ.

कापूस कवा इकाचा ते तिनं आन बुढीनं ठरवाव. त्यायनं थांबवला, त्यायनंच सांगाव. मी अंगठा देतो. कापून नाही, हातासकट आनतो.

आन एक. फाट्यापासून तांड्यापावतर मी हळूहळू येईन, गुडघा हाये. अंगनात पाय ठेवला का तिले सांग, पाहिजे तं घुंगट घे, पर "बापू, आले काय?" एवढं मलेच म्हन. मी बी तिलेच म्हनीन, "आलो, बेटी."

तू तवा मधात येऊ नको. आपली ढेप खात राहाजो.

हरिसिंग